फाटक्या कानाची बुधनी

सोनमतीचं म्हणणं साधं होतं. सुनेनं दोन दिवस सांगून जावं आणि नऊ दिवस राहावं, तर ती परत आल्यावर तिला भात वाढावा की नाही, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच सांगावं.

शाळेला सुट्टी लागली तशी अंजिला म्हणाली, सुवाला मास्तरणींचं शिबिर आहे. सोमवारच्या बोटीनं गेली. बुधवारी यायची ती आली नाही. गुरुवारी फोन आला, "अम्मा, थोडं काम राहिलंय." शनिवारी पुन्हा तेच, आवाज तेवढा आणखी बारीक. आणि इकडे लंबासात उसाचा हंगाम ऐन भरात. तोडणीच्या टोळीचं जेवण त्या आठवड्यात नेमकं यांच्याकडे आलेलं. अकरा माणसं, आणि एकेकाला दोघांची भूक. त्र्याहत्तराव्या वर्षी सोनमती परातभर कणीक तिंबत बसली होती. मुलगा विमलेश उसाची लॉरी चालवायचा. त्याला स्वयंपाकातलं एकच काम यायचं, मासळीचा डबा उघडणं. ते तो आठ दिवस नेमानं करत होता.

हेही तिनं सोसलं असतं. पण गाय! गाईला अंजिलाच्या हाताची सवय. सोनमती धारेला बसली की ती मान वळवून असं बघायची, जणू कुणी परकी बाई घरात शिरली आहे. सहाव्या दिवशी तिनं लाथेनं बादली उडवली. सोनमतीच्या लुगड्यावर दूध, शेण आणि उरलासुरला मान, सगळं एकदम सांडलं.

"तुझ्यापेक्षा गाईला माणसं जास्त कळतात, दीदी," हरपाल ओसरीवरून म्हणाला.

"तू यंगोना पी आणि गप बस. बायकोनं घरात प्यायला बंदी केली म्हणून माझी ओसरी धरलीस, ते काय मला कळत नाही?"

हरपालनं लाकडी भांड्यातून करवंटी भरली, रिवाजाप्रमाणे टाळी वाजवली आणि ते मुळी कुटून केलेलं, गुंगी आणणारं मातकट पाणी एका घोटात संपवलं. उसगाडीच्या रुळांपलीकडे त्याचं घर. वय सत्तर. दुपारचे तीन वाजले की तो यायचाच.

"सून माहेरी गेली असेल," तो म्हणाला. "नाउसोरी सुवापासून कितीसं लांब?"

"माहेरी गेली असती तर मी चकार शब्द काढला नसता. माहेरी गेलेल्या बाईवर मी रागावत नाही. पण मी तिच्या आईला फोन केला. ती म्हणते, इथं फक्त झोपायला येते, सकाळी सातला डबा घेऊन जाते ती दिवे लागल्यावर येते. डोळे लाल करून येते. आता सांग, कसलं शिबिर असतं असं?"

हरपालनं दुसरी करवंटी भरली.

हरपाल तिचा रक्ताचा कुणी नव्हे. त्याचा आजा बिसेसर आणि सोनमतीची आजी बुधनी, बापाची आई, हे जहाजी भाऊबहीण. पाच वर्षांच्या गिरमिटावर, म्हणजे करारावर, ऊस तोडायला माणसं भरभरून जी जहाजं कलकत्त्याहून इकडे या बेटांवर आली, त्यांतल्या एकाच जहाजातून आलेले म्हणजे भावंडं. त्यांची मुलंही भावंडं, नातवंडंही भावंडं. अशा दोन घरांत सोयरीक होत नाही, अजूनही नाही. सोनमतीच्या बापाच्या लग्नात मामा म्हणून बिसेसर उभा राहिला होता. बुधनी वारली तेव्हा बिसेसर नव्हता, पण त्याच्या मुलानं, म्हणजे हरपालच्या बापानं, अंगावर घालायचं लुगडं आणलं होतं. मेलेल्या बाईचं शेवटचं लुगडं माहेराहून यावं लागतं. माहेर समुद्रापलीकडे राहिलेलं. मग ते जहाजाकडून आलं.

ती सकाळ सोनमती विसरली नव्हती. चौदा वर्षांची होती ती. सगळी बाहेर गडबडीत, आणि आजीच्या उशाशी ही एकटी. आजीनं तिचं मनगट धरलं आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "माझ्या घरी कळवा गं. बुधनी गेली म्हणून कळवा."

"कुठल्या घरी, आजी?"

आजीनं तिच्याकडे असं बघितलं, की एवढंही या पोरीला कळू नये? म्हणाली, "घरी." आणि मग काही बोलली नाही.

"कळवते," सोनमतीनं म्हटलं होतं. त्या खोलीत ते ऐकायला दुसरं कुणीच नव्हतं. म्हणून तर तो शब्द मोडायची सोय नव्हती.

पण कळवायचं कुठे? जिवंत असताना आजीला गाव विचारलं की ती म्हणायची, "गाव आहे तिथंच आहे, ते कुठं जातंय?" आईबापाचं नाव विचारलं की ऊस जास्त जोरानं सोलायची. घरची म्हणून एकच गोष्ट तिनं कधी सांगितली, ती वासराची. लहानपणी ती वासराला मिठी मारायला गेली, त्याला शिंगं नुकती फुटत होती, एका शिंगात तिच्या कानातली बाळी अडकली. वासरू बिचकून पळालं. डावी पाळी खालपर्यंत फाटली ती कायमची. ही गोष्ट सांगताना आजी इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. लहान सोनमती तो फाटका कान बोटांत धरून झोपायची. आणि आजी उंच होती. त्यांच्या पत्र्याच्या घराच्या चौकटीला तिचं कपाळ रोज एकदा लागायचं आणि रोज ती चौकटीला शिवी द्यायची.

बावीस वर्षांपूर्वी सोनमतीच्या भावानं, सुरेंदरनं, मनावर घेतलं. सुवाच्या जुन्या कागदांच्या कचेरीत गिरमिटावर आलेल्या प्रत्येक माणसाचा पास जपून ठेवलेला आहे. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, जहाज. सुरेंदरनं बिसेसरच्या जहाजाची यादी काढायला लावली. त्यात बुधनी नावाची एकच बाई सापडली. पासची नक्कल आली, चौकटीत बसली, भिंतीवर लागली. दूध-मिठाई वाटली गेली. त्या पासावरच्या गावाला, बुधनी वारल्याचं पत्रही गेलं.

सोनमतीला सगळं वाचून दाखवलं, तेव्हा ती एका जागी थांबली. "उंची किती म्हणालास?"

"चार फूट आठ इंच."

"मग ही आपली आजी नाही."

सगळे हसले. सुरेंदर म्हणाला, "दीदी, तू लहान होतीस. लहान पोराला सगळीच माणसं उंच दिसतात."

"चौकटही लहान होती का? आणि कानाचं काय लिहिलंय?"

कानाचं काही लिहिलेलं नव्हतं. "साहेबानं बघितला नसेल कान," सुरेंदर म्हणाला. "कागद तो कागद, दीदी. जहाज तेच, नाव तेच. आणखी काय पाहिजे?" आणि सोनमतीचा नवरा, आता वर गेलाय, त्याच्याबद्दल वाईट बोलू नये, पण त्यानंही चारचौघांत म्हटलं, "दुसरीपर्यंत शिकलेली बाई सरकारी कागदाला खोटं पाडते!"

त्या दिवसापासून तिनं तो विषय काढला नाही. भिंतीवरच्या बुटक्या बुधनीपुढून जाताना ती मान वळवायची, एवढंच. त्या बाईशी तिचं काही वाकडं नव्हतं. तीही कुणाची तरी आजीच असणार. पण तिच्या घरच्यांना भलतंच मरण कळवलं गेलं, आणि आपल्या आजीचं मरण अजून कुणाला कळलंच नाही, हे तिच्या छातीत अडकून राहिलं होतं. सुरेंदर पुढे सिडनीला गेला. त्या पत्राचं उत्तर कधी आलं नाही.

नवव्या दिवशी, मंगळवारी, दुपारच्या बसनं अंजिला उतरली. हरपाल ओसरीवर होताच. सोनमती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"बोटवाल्यांनी समुद्र रुंद केला का गं? दोन दिवसांची वाट नऊ दिवसांची झाली."

"अम्मा, आधी पाणी पिते."

"पी की. टाकी भरलेली आहे. मीच भरलीय."

अंजिला पाणी प्यायली. तिचे डोळे खरंच लाल होते आणि उजव्या हाताच्या बोटांना पेन्सिलीचा काळा रंग बसलेला. तिनं पिशवी जमिनीवर ठेवली आणि सासूच्या समोर पाय दुमडून बसली.

"शिबिर नव्हतं, अम्मा."

"ते मला तुझ्या आईनंच सांगितलं."

"सांगून गेले असते तर तुम्ही जाऊ दिलं नसतं. म्हणाला असता, एकदा हसं झालं तेवढं पुरे."

सोनमतीचा हात सुपात थांबला.

"मागच्या महिन्यात मी तुमच्या डोक्याला तेल लावत होते," अंजिला म्हणाली, "तेव्हा तुम्ही वासराची गोष्ट सांगितलीत. मग म्हणालात, असा कान लिहिणाऱ्या साहेबाला दिसला नाही म्हणजे साहेब आंधळाच असणार. मला वाटलं, साहेब आंधळे नसतात. एक-एक डाग, एक-एक वण लिहून घ्यायचे ते, कुणी पळालं तर ओळखायला. कान फाटका असेल तर तो लिहिलेला असणारच. म्हणजे सुरेंदर मामांनी चुकीची बाई आणली. म्हणजे तुमचंच खरं."

ओसरीवर हरपालची करवंटी तोंडाशी जाता जाता राहिली.

"मग?" सोनमतीनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच ठेवला होता तिनं.

"मग मी जहाज सोडून दिलं आणि कान शोधला. सगळ्या जहाजांच्या याद्या, एकेक. बुधवारी जन्मली की बुधनी, अम्मा, किती बुधन्या असाव्यात! देवीचे वण असलेली बुधनी. पायाचं बोट नसलेली बुधनी. हनुवटीवर गोंदलेली. एक तर आठ वर्षांची, आईबरोबर आलेली. पहिले तीन दिवस कचेरीतली बाई मला रोज म्हणायची, जहाजाचं नाव आणा, असं कुणी शोधत नाही. चौथ्या दिवसापासून तीच माझ्याबरोबर शोधायला लागली. काल दुपारी तिनंच मला हाक मारली."

तिनं पिशवीतून कागद काढला. सोनमतीनं सूप बाजूला सारलं. पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"वाच."

"नाव बुधनी. वय एकवीस. उंची पाच फूट चार इंच."

सोनमतीनं मागे वळून घराच्या चौकटीकडे बघितलं. ही चौकट वेगळी, ते पत्र्याचं घर वादळात कधीच उडून गेलं. तरी तिनं बघितलं.

"पुढं."

"अंगावरची खूण. डाव्या कानाची पाळी फाटलेली."

रुळांवरून उसाच्या डब्यांची माळ गेली, सगळी ओसरी थरथरली आणि मग थांबली. सोनमतीनं उजवा हात पुढे केला आणि दोन बोटांत काहीतरी धरल्यासारखं केलं, अगदी हलकेच, दुखू नये असं. तिचं तिलाही ते कळलं नाही. अंजिलाला कळलं.

"बघ," सोनमती शेवटी म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे. भिंतीला, नवऱ्याच्या फोटोला, सिडनीच्या दिशेला. "बघा म्हणावं. दुसरी शिकलेली बाई."

"जिल्हा बस्ती. गाव सेमरौली," अंजिला वाचत राहिली. "जवळचं नातं, आई. राजवंती."

"राजवंती," सोनमती म्हणाली. मग थोड्या वेळानं पुन्हा, "राजवंती." आजीला आई होती, हे तर उघडच. पण त्र्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा आजी तिला कुणाची तरी मुलगी वाटली. फाटका कान घेऊन रडत आईकडे पळालेली.

"आणि जहाज?" हरपालनं ओसरीवरून विचारलं.

अंजिलानं कागद खाली ठेवला. याच प्रश्नाची तिला भीती असावी. "मामा, तुमच्या आजाचा पास तुमच्याकडे आहे ना? साल कुठलं त्यावर?"

"एकोणीसशे सहा. तोंडपाठ आहे."

"हे जहाज एकोणीसशे आठचं."

हरपाल हसला, मग हसणं अर्ध्यावर राहिलं. "दोन वर्षांचा फरक? असं कसं? चुकून..."

"चुकून नाही, मामा. पासाच्या मागे शेरा आहे. बुधनीला बोटीतच ताप आला होता. उतरल्यावर बंदरासमोरच्या छोट्या बेटावरच्या दवाखान्यात ठेवली. तिच्या जहाजातली माणसं तोवर मळ्यामळ्यांवर वाटून गेली. दीड महिन्यानं तिला एकटीलाच लंबासाला धाडलं. इथं तिच्या जहाजाचं कुणीच नव्हतं."

हरपालनं करवंटी भांड्यात उपडी टाकली. तो मोठा धिप्पाड माणूस, उसाचा भारा एकट्यानं लॉरीवर फेकायचा एके काळी. तो बसल्या जागी लहान झाला. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं फळीवर रेघा ओढत राहिला.

"म्हणजे आपण कुणी नव्हे, दीदी," तो म्हणाला. "एवढी वर्षं तू मला राखी बांधलीस ती... म्हणजे जहाजच नव्हतं आपल्याला."

सोनमतीला ऐकू येत होती ती आजी. घरची गाय व्याली की पहिल्या चिकाची वाटी, जमिनीतून निघालेला दालोचा पहिला कंद, झाडाचा पहिला फणस, सगळं आधी बिसेसरच्या घरी जायचं. स्वतःच्या मुलांच्या तोंडात घालायच्या आधी. पोरं चिडायची. एकदा सोनमतीनं विचारलं होतं, "आपल्या आधी त्यांना का?" आणि आजी म्हणाली होती, "मी त्यांच्या जहाजात बसलेय ना, म्हणून." सोनमतीला वाटलं, बसलीच होती की. त्यात काय एवढं?

आता तिला त्यातलं काय ते कळलं.

"हरपाल," ती म्हणाली, "इकडे ये. आत ये, ओसरीवर नको."

तो आत येऊन बसला, पाहुण्यासारखा अवघडून.

"मजुरांच्या खोल्यांच्या लाइनीत एकट्या बाईचं काय व्हायचं, ते तुला ठाऊक आहे ना? मळ्यावरचा सरदार ठरवायचा ती कुणाच्या खोलीत राहील. तिच्या बाजूनं बोलायला जहाज नाही, भाऊ नाही, तर ती कुणाचीही. आणि ही एकवीस वर्षांची, तापातून उठलेली, खांद्यावर बोचकं. तेव्हा तुझा आजा उठला असेल आणि म्हणाला असेल, ही माझ्या जहाजाची, माझी बहीण आहे. सरदारानं विचारलं असेल, कधीपासून? आणि तुझा आजा म्हणाला असेल, कलकत्त्यापासून."

"त्यानं कधी सांगितलं नाही घरी."

"सांगितलं असतं तर ते दिलेलं राहिलं असतं का? उपकार झाला असता. तुझ्या आजानं मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. आजीनंही नाही. दोघांनी एक जहाज साठ वर्षं पाण्यावर ठेवलं, आणि तू काय म्हणतोस, जहाजच नव्हतं? अरे, एका बोटीतून आलेले शेकडो होते. ते भाऊ झाले नशिबानं. तुझा आजा भाऊ झाला स्वतःहून, सगळ्यांच्या देखत, सरदाराच्या तोंडावर. तुला यात कमी काय वाटतंय, ते तरी सांग."

हरपालनं शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं. "काही कमी नाही."

"मग रडू नकोस. आणि ऐक, माझं लुगडं तुझ्याच घरून यायचंय अजून. सुरेंदर सिडनीहून काय पाठवेल, पाकीट! तू आणायचंस. बाजारातलं स्वस्त आणलंस तर उठून बसेन."

"तू काय, तशीही बसशील," हरपाल म्हणाला, आणि तिघेही हसले. अंजिला सगळ्यांत जास्त. नऊ दिवसांत ती हसलीच नव्हती बहुतेक.

"आता पत्र," सोनमती म्हणाली. "आत्ता. चहा नंतर. साठ वर्षं झाली, त्यात चहाची भर नको."

अंजिलानं शाळेची वही काढली. हिंदी तिचं सुरेख होतं, ते ती शिकवायचीच. सोनमती भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून सांगू लागली.

"लिही. सेमरौली गावच्या राजवंतीच्या घरच्यांना."

"अम्मा, राजवंतीचं आता कुणी..."

"असेल कुणी. पणतू-खापरपणतू असेल, नाहीतर त्यांची भिंत असेल. पोस्टमन वाचेल. गावात मोठ्यानं वाचलं की झालं. लिही. तुमची बुधनी गेली. फार दुखलं नाही. आदल्या दिवशी दूध प्यायली होती. तीन मुलं, नऊ नातवंडं मागे आहेत, आता किती झालीत ते मोजायला वेळ नाही. ऊस बांधायची तर तिच्यासारखा भारा कुणी बांधायचं नाही. चौकटीला डोकं लागायचं. कान तसाच होता." ती थांबली. "वासराचा राग तिनं धरला नव्हता, हे लिही. हसायची ती."

पेन्सिल चालत होती.

"लिही, एकटी नव्हती. इथं भाऊ मिळाला होता. शेवटचं लुगडं त्याच्या घरून आलं, पांढरं, लाल काठाचं. म्हणून तुम्ही काळजी करू नका. हरपाल, खाली सही कर. भावाच्या नातवानं सही केली पाहिजे."

हरपालनं शर्टाला बोटं पुसली आणि सावकाश सही केली.

"उशीर झाला, त्याचं काय लिहू?" अंजिलानं विचारलं.

सोनमतीनं डोळे उघडले. "खरं ते लिही. कळवायचं जिला सांगितलं होतं, ती दुसरीपर्यंतच शिकली होती आणि तिचं कुणी ऐकलं नाही. आता घरात एक ऐकणारी आली, म्हणून कळवतो."

अंजिलाची पेन्सिल थांबली. "अम्मा, हे मी माझ्या हातानं कसं लिहू?"

"तुझ्या हातानंच लिही. दुसऱ्या कुणाचा हात मला चालणार नाही."

तिनं लिहिलं. मान खाली घालून, जरा वेळ लावून लिहिलं. मग सोनमतीनं वही मागून घेतली आणि खाली आपलं नाव घातलं, चार अक्षरं, एकेक अक्षर उभं करून, जसं साठ-पासष्ट वर्षांपूर्वी पाटीवर शिकली होती तसं. नंतर ती उठली, भिंतीवरची चौकट उतरवली आणि बुटक्या बुधनीच्या काचेवरची धूळ पदरानं पुसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"हिला टाकायचं नाही," ती म्हणाली. "ही आपल्या आजीच्या जागी बावीस वर्षं मुकाट्यानं उभी राहिली, मी हिला एक नमस्कार केला नाही. तिच्या घरच्यांना लिही, चूक आमची. आणि कुणी तिचं शोधत आलं तर दाखवता येईल. दोघी शेजारी लागतील."

अंजिलानं मान हलवली. विमलेशच्या लॉरीचा भोंगा दूर कुठेतरी वाजला. तो आत्ताच येणार, आणि आल्यावर मासळीचा डबा शोधणार. हरपालनं भांडं उचललं, पण गेला नाही. पुढे काय होतं ते त्याला बघायचं होतं. अंजिला उभी राहिली, पिशवी छातीशी धरून, शाळेत उशिरा आलेल्या पोरीसारखी.

"अम्मा, अजून रागावलाहात का?"

सोनमतीनं तिच्याकडे नखशिखान्त बघितलं. लाल डोळे, काळी बोटं, बोटीच्या बाकावर चुरगळलेली साडी.

"रागावलेय तर. शिबिर आहे म्हणून माझ्या तोंडावर खोटं बोललीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार आहे. पण आमच्या आजीसाठी असं खोटं बोलणारं याआधी एकच माणूस झालं, आणि त्याचे पाय धरायला मी उशिरा जन्मले. तुझे धरले तर पाप तुलाच लागेल, म्हणून धरत नाही. तेव्हा हातपाय धू आणि बस. भात मी वाढते. पोटभर जेव, आणि संध्याकाळी धार तूच काढ. त्या गाईनं माझा फार अपमान केलाय."